वर्षभराचं वाचन आणि साठ दिवसांची चाळणी : प्रकल्प नोंदी

१ जानेवारी

"यंदा काय चांगलं वाचलंस?" असं वर्षअखेरीला कुणी विचारलं की मला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाचलेलीच पुस्तकं आठवतात. आधीचे दहा महिने कोरे. म्हणून यंदा वाचेन ते वहीत लिहायचं आणि ३१ डिसेंबरला त्या वहीवरून आवडत्या पुस्तकांची यादी काढायची.

कपाट रिकामं करून मोजलं तर न वाचलेली ६१ पुस्तकं निघाली. काहींची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. वर्षाचं लक्ष्य ३६, म्हणजे महिन्याला तीन. वर्ष संपेपर्यंत नवं पुस्तक आणायचं नाही. वहीत पाच रकाने आखले: सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख, पानं, लागलेला वेळ, दहापैकी गुण.

४ जानेवारी

घड्याळ लावून वाचून पाहिलं. साधी कथनाची भाषा असेल तर ३५ मिनिटांत २० पानं होतात. वैचारिक गद्याला तेवढ्याच पानांना सव्वा तास लागतो. लक्ष्य ठरवण्याआधी हे मोजायला हवं होतं. आता ३६ हा आकडा फार वाटतोय, पण तूर्त तसाच ठेवते.

१२ जानेवारी

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) दोन संध्याकाळींत संपली. धनगरांच्या वस्तीवर आलेला कोवळा मास्तर, त्याची शाळा, गावानं मिळून बांधलेली तालीम, मग दुष्काळ. गुण ७. शेरा लिहिला: "छान, पण फार काही घडत नाही." हा शेरा खोडलेला नाही, पुढे कामाला येणार आहे.

१६ जानेवारी

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' (१९५६) सुरू केलं आणि तिसऱ्या लेखावर अडकले. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ सलग वाचले आणि तिन्हींची सरमिसळ झाली. कुठलं झाड कुठल्या महिन्यातलं हे दुसऱ्या दिवशी सांगता येईना. पुस्तक बाराही महिन्यांवर बेतलेलं, आणि मी ते एका आठवड्यात उरकायला निघाले होते.

बदल असा केला: ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा. सध्या पौष चालू आहे, म्हणून मधूनच पौषापासून सुरुवात. एक लेख, दोनदा. पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. झाड, पक्षी, आभाळ यांतलं जे मला खिडकीतून दिसतं त्याच्यासमोर समासात टिंब.

३ फेब्रुवारी

वर्षातलं पहिलं मोठं नुकसान: अकरा तास. एक जाडजूड कादंबरी, नाव देत नाही, पान ३१० पर्यंत ओढत नेली. पन्नाशीच्या पानालाच कळलं होतं की जमत नाहीये. पण 'हाती घेतलेलं सोडायचं नाही' हा लहानपणीचा धडा अंगात मुरलेला. या तीन आठवड्यांत दुसरं एकही पुस्तक झालं नाही. वाचायची वेळ झाली की मला कपड्यांच्या घड्या, फोनवरचे जुने निरोप, पंख्याची धूळ, काहीही आठवायचं.

आता हीच खूण धरली आहे. सलग चार दिवस मी पुस्तकाऐवजी दुसरं काम शोधत असेन तर पुस्तक बंद करायचं. आत चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि सोडण्याचं कारण एका वाक्यात. 'कंटाळवाणं' हा शब्द चिठ्ठीवर चालणार नाही, कारण त्यातून वर्षानंतर काहीच कळत नाही. नेमकं काय नको झालं ते लिहायचं: पात्रांची नावं लक्षात राहात नाहीत, प्रत्येक प्रकरण नव्या माणसापासून सुरू होतं, वगैरे.

१८ फेब्रुवारी

उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०). संवाद वऱ्हाडी बोलीतले, आणि ती बोली माझ्या कानावरची नाही. पहिल्या चाळीस पानांना दोन तास गेले. प्रत्येक अनोळखी शब्दाशी थांबत होते, कोश काढत होते, आणि तेवढ्यात कौतिकच्या घरात काय चाललंय याचा धागा सुटत होता.

मग पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं, फक्त संवाद मोठ्यानं वाचत. कोश बंद. दहाव्या पानाशी माझाच आवाज बदलला. क्रियापदांची वळणं तोंडात बसली आणि अडलेल्या शब्दांपैकी बहुतेकांचा अर्थ बोलणाऱ्याच्या रागावरून किंवा लाचारीवरूनच लागला. उरलेले सात शब्द शेवटी एकदम पाहिले. बोलीतलं पुस्तक असेल तर सुरुवातीलाच तोंडानं वाचा, माझे दोन तास गेले तसे तुमचे जाणार नाहीत. गुण ९.

२ मार्च

फोनमधल्या नोंदी गेल्या. वही सोबत नसायची तेव्हा मी फोनवर लिहून ठेवायचे आणि रविवारी वहीत उतरवायचे. तीन रविवार उतरवलंच नाही, आणि फोन बदलताना त्या नोंदी जुन्याबरोबर पुसल्या गेल्या. आठ पुस्तकांवरचं लिखाण, त्यात 'धग'वरची चार पानं. दोष माझाच, प्रत काढली नव्हती.

यापुढे प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानात एक दुमडलेला पाठकोरा कागद. नोंद तिथेच. वाचताना पुस्तक हातात असतंच, म्हणजे कागदही असतो.

१३ मार्च

गेलेल्या आठ नोंदी आठवून पुन्हा लिहायला बसले. त्यात एक दिवस गेला, पण या दिवसानं सगळ्या वहीचीच मांडणी बदलली.

पुस्तकं समोर ठेवली, उघडली मात्र नाहीत. आठवेल तेवढंच लिहायचं. एका रहस्यकथेला मी ९ गुण दिले होते. तिच्याबद्दल मला मुखपृष्ठाचा रंग आठवला आणि खून कुणी केला ते आठवलं नाही. 'बनगरवाडी'ला, जिला ७ दिले होते आणि 'फार काही घडत नाही' म्हटलं होतं, तिच्यावर मी न थांबता दीड पान लिहिलं. नांगराला दुसरा बैल मिळत नाही म्हणून बैलाच्या जोडीनं स्वतः जू ओढणारी शेकूची बायको, मास्तरामागे सावलीसारखा फिरणारा आयबू, माणसं उठून गेल्यावर उरलेला गाव. लिहिताना मला त्या जमिनीचा रंग दिसत होता. पुस्तक मिटल्याला त्या दिवशी बरोबर साठ दिवस झाले होते.

म्हणजे गुण देण्याची वेळच चुकत होती. पुस्तक मिटल्या क्षणी मी गुण द्यायचे ते शेवटच्या वीस पानांना. कथानकानं धाप लागली असेल तर ९, शांतपणे संपलं असेल तर ७.

वहीत सहावा रकाना आखला: साठ दिवसांनंतर. रीत अशी. पुस्तक न उघडता दहा मिनिटं लिहायचं. काय दिसतंय, कुणाचा आवाज ऐकू येतोय, कुठली गोष्ट मधल्या काळात आपणहून मनात आली. मग दुसरा गुण. पहिला गुण खोडायचा नाही, कारण दोन्हींतलं अंतरच पाहायचंय. साठ हा आकडा मी त्या दिवशी जुळून आला म्हणूनच धरला. तीसही चालेल कदाचित, पण वर्षभर एकच ठेवायचा.

९ एप्रिल

एक चूक, जी टाळता आली असती. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' शाळेत असताना वाचली होती, ती पुन्हा वाचली. संपल्यावर दुसऱ्याच दिवशी इरावती कर्वे यांचं 'युगान्त' उचललं. दोन्हींचं पहिलं प्रकाशन १९६७ सालचं, दोन्हींचं मूळ महाभारत, म्हणून जोडीनं वाचावं असं वाटलं.

'मृत्युंजय'मध्ये कर्णाबरोबरच कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापल्या तोंडून बोलतात. भाषा भरजरी, माणसं मोठ्या उंचीवर उभी. कर्वे मानववंशशास्त्रज्ञ. त्या त्याच माणसांना कुळं, नाती, वारसा, वय यांच्या हिशेबात आणून बसवतात. एका पुस्तकाचं संगीत कानात असताना दुसरं सुरू केल्यामुळे पहिले दोन लेख मी मनातल्या मनात भांडत वाचले. उलट 'युगान्त' संपल्यावर 'मृत्युंजय'चा गुण मागे जाऊन ८ चा ६ केला. हे अन्यायाचं झालं. एका पुस्तकाच्या मापानं दुसरं मोजलं.

गुण परत ८ केला. एकाच विषयावरच्या दोन पुस्तकांमध्ये आता किमान एक महिना आणि मध्ये वेगळ्या जातीचं पुस्तक. 'युगान्त'मधला गांधारीवरचा लेख मात्र त्या भांडणातही मनात शिरला. वनातले शेवटचे दिवस, म्हातारी झालेली ती चार माणसं. तो जूनमध्ये तपासते.

२१ मे

अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' (२००३). तीन संध्याकाळींत वाचून टाकली, आणि 'वाचून टाकली' हाच शब्द खरा आहे. देशोदेशींच्या, काळाकाळांतल्या रडणाऱ्या बायकांच्या कविता. हिपेशिया झाली, लगेच कॅसान्ड्रा, लगेच पुढची. तिसऱ्या दिवशी माझं मन बधिर झालं आणि मला वाटलं पुस्तकच लांबलंय.

आठवड्यानं पुन्हा काढली. दिवसाला एकच बाई. वाचून झालं की पुस्तक मिटायचं, त्या दिवशी दुसरं काहीही वाचायचं नाही. एवढ्यानं सगळं पालटलं. हिपेशियाच्या दिवशी मी रात्री उशिरापर्यंत जागी होते. कवितेच्या पुस्तकाला पानं आणि मिनिटं हे रकाने लावणं बंद केलं. तिथे फक्त 'किती दिवस' एवढंच.

२२ जून

हिशेब: १३ पुस्तकं पूर्ण, ३ सोडलेली. लक्ष्यानुसार १८ हवी होती. मागे पडल्याची घाई झाली आणि मी कपाटातली सगळ्यांत सडपातळ पुस्तकं काढून ओळीनं लावली. त्या ओळीत विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) होती. आकडा वाढावा म्हणून एका बैठकीत वाचली.

युरोपातून निघालेली बोट. बोटीवर जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू निर्वासित. चक्रधर आणि हॅर्टा. महायुद्धाला तोंड फुटलं त्याच साली आलेलं पुस्तक, हे डोक्यात ठेवून वाचलं की बोटीवरच्या साध्या गप्पासुद्धा कापऱ्या होतात. संपलं तेव्हा पुढचं सडपातळ पुस्तक उचलायला हात गेला आणि मागे आला. ते दोन दिवस काहीच वाचलं नाही. बारीक पुस्तकांची ती ओळ मोडून कपाटात परत ठेवली. गुण १०, यंदाचा पहिला.

दादानं फोनवर विचारलं, "किती झाली गं?" मी म्हटलं चौदा. तो म्हणाला, "मला एक सांग, नीट." त्याला 'रणांगण' सांगायला पाऊण तास लागला, आणि सांगता सांगता लक्षात आलं की शेवटाकडचा एक प्रसंग मी घाईत उडवलाय. त्या रात्री ती पानं पुन्हा वाचली.

१५ जुलै ते ६ ऑगस्ट

विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. याला तीन आठवडे लागले आणि तीनही कारणी लागले, म्हणून नोंद जरा लांब.

यज्ञात दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल म्हणून वरसईचा हा भिक्षुक काकांबरोबर उत्तरेला निघाला आणि १८५७ च्या धुमाळीत सापडला. इंग्रजांची फौज झाशीत घुसली तेव्हा तो शहरात होता. पुस्तक छापून आलं ते १९०७ मध्ये, चिंतामण विनायक वैद्यांनी काढलं तेव्हा.

पहिला अडथळा भाषेचा नव्हता, वाटेचा होता. कोण कुठून कुठे निघालंय हे दुसऱ्याच प्रकरणात हरवलं. तीस पानं वाचून सोडण्याच्या बेतात होते, चिठ्ठीही लिहिली होती: "वाट कळत नाही." मग त्या चिठ्ठीकडे पाहूनच सुचलं. भिंतीवर एक मोठा कोरा कागद लावला आणि गाव आलं की ठिपका, पुढचं गाव आलं की रेघ. छापील नकाशा घेतला नाही, कारण मला अंतरं पाहायची नव्हती, क्रम पाहायचा होता. ठिपक्याशेजारी त्या गावी काय मिळालं आणि काय गेलं, एवढं एका शब्दात: दक्षिणा, ताप, लूट, जेवण, लूट.

झाशीपाशी तो कागद काळा झाला. आणि इतकं सगळं लुटलं गेल्यावर हा माणूस परत येताना काय आणतो, तर आईवडिलांसाठी गंगेच्या पाण्याची कावड. मी तो शेवटचा ठिपका जोडताना रेघ वाकडी आली. कागद अजून भिंतीवर आहे.

प्रवासवर्णन वाचताना अडलात तर हा कागद करून पाहा. चित्रकला लागत नाही. चिठ्ठी लिहून झाल्यावरही एक दिवस थांबा, सोडण्याच्या कारणातच कधी कधी दुरुस्ती असते. फेब्रुवारीत सोडलेल्या कादंबरीची चिठ्ठी त्यासाठी पुन्हा काढून पाहिली. तिच्यात मात्र काही सापडलं नाही.

२१ ऑगस्ट

'रणांगण'चे साठ दिवस. दहा मिनिटांची पंचवीस झाली. गुण १० कायम.

आतापर्यंतच्या सहाव्या रकान्यावरून नजर फिरवली. वर गेलेली: 'बनगरवाडी' ७ वरून १०, 'युगान्त' ७ वरून ९ (गांधारीच्या लेखामुळे). तिथेच राहिलेली: 'धग' ९, 'मृत्युंजय' ८. खाली गेलेली पाच, त्यांतली चार मी एका दिवसात संपवली होती. वेगात वाचलेलं सगळंच ओसरतं असं म्हणवत नाही, 'रणांगण'ही एका बैठकीचंच. पण त्यावर मी परत गेले होते आणि ते कुणाला तरी सांगितलं होतं. त्या चार पुस्तकांबाबत दोन्हींतलं काही केलं नव्हतं.

१७ सप्टेंबर

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) दुसऱ्यांदा. पहिल्यांदा कॉलेजात वाचली होती आणि तेव्हा फक्त 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' लक्षात राहिले होते. आम्ही सगळे महिनाभर तसंच बोलायचो. या वेळी पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मरणाशी आले आणि पुस्तक खाली ठेवलं. पहिल्या वाचनात ही पानं मी वाचली असणारच, पण माझ्याकडे त्यांची काहीच खूण नव्हती. तेव्हा माझ्या घरातलं कुणी गेलेलं नव्हतं.

पुन्हा वाचलेली पुस्तकं आकड्यात धरायची की नाही यावर दोन दिवस घोळ घातला. धरली.

एक छोटी दुरुस्ती इथेच: प्रस्तावना शेवटी वाचायची. यंदा तीन पुस्तकांच्या प्रस्तावना आधी वाचून मी लेखकाऐवजी प्रस्तावनाकाराच्या डोळ्यांनी वाचत राहिले.

१९ ऑक्टोबर

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. सोळा दिवस, रोज रात्री थोडं. मुद्दाम लांबवलं. वडिलांच्या सोवळ्याचं वेड, नवऱ्याचं न सांगता निघून जाणं, १८९५ मध्ये त्यानं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरची ती ताटातूट. हे सगळं बाई अंगणात बसून सांगावं तसं सांगतात. मोठं दुःख सांगताना आवाज चढत नाही, आणि मधेच अशी एखादी गंमत येते की हसू येतं आणि हसल्याबद्दल वाईट वाटत नाही. रीतसर शिक्षण नसलेल्या बाईची ही भाषा. मी रोज ऑफिसात मराठी लिहिते. त्या सोळा दिवसांत माझी पत्रं आपोआप छोट्या वाक्यांची झाली, ती शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी आधी ओळखली.

८ नोव्हेंबर

दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) संपलं. एकाच माणसाची दोन रूपं समोरासमोर: दगडू मारुती पवार सांगतो, दया पवार ऐकतो. पहिला गुण रिकामा ठेवला आहे. या पुस्तकाला गुण द्यायला हात उचलला नाही. फक्त कागदावर लिहिलं, "दगडूला ऐकणारा भेटला म्हणून तो बोलला."

२४ नोव्हेंबर

३६ चं लक्ष्य सोडलं. आज २४ झाली आहेत. पुढच्या पाच आठवड्यांत बारा वाचता येतीलही, पण जूनमधली ती ओळ पुन्हा लावावी लागेल. रकान्यातलं 'लक्ष्य' खोडून तिथे तारीख घातली.

१४ डिसेंबर

'ऋतुचक्र' पूर्ण, मार्गशीर्षाच्या लेखानं. बारा महिने लागले. समासातली टिंबं मोजली: पौषात तीन होती, फाल्गुनात नऊ, आताच्या लेखात अकरा. झाडं वाढली नाहीत खिडकीत. पळस आणि पांगारा यांतला फरक मला जानेवारीत कळत नव्हता.

१८ डिसेंबर

'स्मृतिचित्रे'चे साठ दिवस. १० वरून १०. लिहिताना बाईंचीच चाल हाताला लागत होती, म्हणून कागद फाडून पुन्हा माझ्या भाषेत लिहिलं.

३१ डिसेंबर

पूर्ण २७, सोडलेली ५. वाचनाचे तास, कविता वगळून, १७४. त्यांतले साधारण वीस वाया: ती कादंबरी अकरा, 'धग'चे पहिले दोन, बाकी किरकोळ.

यादी, दुसऱ्या गुणावरून: बनगरवाडी, स्मृतिचित्रे, रणांगण, माझा प्रवास, धग, युगान्त, आणि दुसऱ्यांदा वाचलेली कोसला. 'भिजकी वही'ला गुण नाही, पण ती यादीत आहे आणि उशाशीही आहे. पहिल्या गुणावरून काढली असती तर यातली तीन आली नसती आणि ती रहस्यकथा दुसऱ्या क्रमांकावर असती.

दोन पुस्तकांचा निकाल अजून लागायचा आहे. त्यांना वर्षाच्या हद्दीसाठी घाईनं गुण देणार नाही. दोन्हींवर चिठ्ठी चिकटवून कपाटाच्या वरच्या फळीवर वेगळी ठेवली आहेत. 'बलुतं', ७ जानेवारी. 'ऋतुचक्र', १२ फेब्रुवारी.